रिकामा मायक्रोवेव्ह चालवला तर

घरगुती मायक्रोवेव्हच्या मागच्या पत्र्यावर एक आकडा छापलेला असतो. समजा तो ८०० वॅट आहे. हा आकडा कसा काढतात हे पाहण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार काचेच्या भांड्यात १ किलो पाणी घेतात, १० अंश सेल्सियसचं. भांडं ओव्हनमध्ये ठेवतात आणि पाणी २० अंशांपर्यंत तापायला किती सेकंद लागले ते मोजतात. ८०० वॅटच्या यंत्राला साधारण ५२ सेकंद पुरतात. अमेरिकेत दाराच्या फटीतून किती लहरी बाहेर आलेल्या चालतील याचा कायदेशीर नियम आहे: यंत्रापासून ५ सेंटीमीटरवर, नव्या ओव्हनसाठी चौरस सेंटीमीटरमागे १ मिलिवॅट आणि वापरातल्या ओव्हनसाठी ५ मिलिवॅट. ही चाचणी घेतानाही आत सुमारे २७५ मिलिलिटर पाणी ठेवलेलं असतं.

म्हणजे ताकद मोजायची असो वा गळती, आत पाणी लागतंच. मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्यांनी आतल्या पदार्थाला यंत्राचाच एक भाग धरलेलं आहे. हा भाग कंपनी देत नाही, तो दर वेळी आपण घालायचा असतो. रिकामा मायक्रोवेव्ह चालवला तर बिघडतो का, या प्रश्नाकडे असं पाहिलं की उत्तराची दिशा सापडते. एखादा महत्त्वाचा भाग काढून ठेवून आपण यंत्र सुरू करतो आहोत. नुकसान होऊ शकतं. मात्र ते किती आणि किती वेळात होईल, हे यंत्राच्या रचनेवर आणि रिकाम्या मिनिटांवर ठरतं.

गॅसवर रिकामी कढई विसरली तर कढई तापते, तिचा रंग जातो, पण शेगडीला काही होत नाही, कारण ज्वाळेची उष्णता स्वयंपाकघराच्या हवेत पसरून जाते. मायक्रोवेव्हमध्ये अशी पळवाट मुद्दाम बंद केलेली आहे. आतल्या पाची भिंती धातूच्या आहेत आणि सहावी बाजू म्हणजे दार. त्याच्या काचेमागे बारीक भोकांची धातूची जाळी असते. या लहरींची लांबी साधारण १२ सेंटीमीटर असल्यामुळे मिलिमीटरभर भोकांतून त्या बाहेर पडू शकत नाहीत. भिंतीवर आदळायचं, परत फिरायचं, पुन्हा आदळायचं. तीसेक सेंटीमीटर रुंदीच्या पेटीत या फेऱ्या सेकंदाला शंभर कोटींच्या घरात जातात. प्रत्येक धडकेत भिंत अगदी थोडी ऊर्जा खाते.

आत वाटीभर आमटी असेल तर लहरी थोड्याच फेऱ्यांत तिच्यात जिरतात. पाण्याच्या रेणूचं एक टोक धन आणि दुसरं ऋण असतं. लहरीचं विद्युतक्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा उलटसुलट होतं, रेणू त्याच्यामागे वळू पाहतात, थोडे मागे पडतात, आणि या मागे पडण्यातच लहरीची ऊर्जा उष्णता होऊन पदार्थात उतरते. पाण्याला ही कला छान जमते. काचेला, चिनी मातीला, बहुतेक प्लास्टिकला ती फारशी जमत नाही, म्हणून तर आमटी उकळते आणि वाटी त्यामानाने कमी तापते.

आता आमटी काढून घ्या. मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी निर्माण करणारी नळी, पहिल्यासारखीच ऊर्जा ओतत राहते. आत नेहमीचं गिऱ्हाईकच नाही हे तिला कळत नाही. पेटीतलं विद्युतक्षेत्र वाढू लागतं, आणि आत जाणारी ऊर्जा कुठे ना कुठे खपेपर्यंत ते वाढत राहतं. जे एरवी फारसं तापत नाही, ते सगळं तापायला लागतं. फिरणारी काचेची ताटली, तिच्याखालची चाकांची प्लास्टिकची कडी, भिंतींवरचा रंग, आणि उजव्या भिंतीवर असतो तो अभ्रकाचा पातळ पत्रा. दुरुस्तीवाले त्याला मायका शीट म्हणतात. लहरी या पत्र्यातूनच आत येतात, त्यामुळे तिथलं क्षेत्र आधीच तीव्र असतं. त्यावर जुन्या स्वयंपाकाचा तुपकट थेंब जळून काळा पडलेला असेल तर तो कोळसा लहरी अधाशासारख्या शोषतो, आणखी तापतो, आणखी शोषतो. एरवी आमटीच्या वाटीमुळे त्याच्या वाट्याला थोडंच येत असतं. रिकाम्या पेटीत त्याला भरपूर मिळतं आणि ठिणग्या उडायला लागतात. पुष्कळ ओव्हनमध्ये अभ्रकाला पडलेलं भोक असं सुरू झालेलं असतं. काचेचंही असंच आहे. थंड काच लहरी कमी शोषते, तापलेली काच जास्त. एका जागी जास्त तापलेली ताटली तडकू शकते.

पण खरी काळजी मॅग्नेट्रॉनची. ही नळी आतून कशी असते ते सांगितल्याशिवाय नुकसान कसं होतं हे उमगत नाही. मधोमध टंग्स्टनचा एक तंतू असतो. त्यात थोडं थोरियम मिसळलेलं असतं, म्हणजे तापल्यावर त्यातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. भोवती तांब्याचं कडं आणि त्यात आतल्या बाजूला पाकळ्यांसारख्या भिंती, घरगुती नळीत बहुधा दहा. दोन पाकळ्यांमधली प्रत्येक खाच एक अनुनादक असते. तंतू आणि तांबं यांच्यामध्ये जवळपास ४,००० व्होल्टचा दाब, आणि वर-खाली दोन जाड चुंबकांच्या चकत्या. इलेक्ट्रॉन तांब्याकडे ओढले जातात, चुंबक त्यांना वळवतो, आणि ते गोल फिरत खाचांजवळून जाताना आपली ऊर्जा २४५० मेगाहर्ट्झच्या लहरींना देऊन टाकतात. या लहरी वरच्या टोकातून धातूच्या पोकळ नळीत आणि तिथून पेटीत जातात.

चांगल्या परिस्थितीतही ही नळी मिळालेल्या विजेपैकी साधारण दोन तृतीयांश विजेच्या लहरी करते. उरलेली तिच्यातच उष्णता होते. म्हणून तिच्याभोवती ॲल्युमिनियमचे पातळ पंख आणि मागे सतत घोंगावणारा पंखा असतो. पेटी रिकामी असली की यात भर पडते, कारण पेटीत न खपलेल्या लहरींपैकी बऱ्याचशा ज्या नळीतून आल्या त्याच नळीतून परत मॅग्नेट्रॉनकडे जातात. परतलेल्या लहरी आतल्या इलेक्ट्रॉनांची ताल धरलेली फिरकी बिघडवतात. काही इलेक्ट्रॉन उलटे वळून तंतूवरच आदळतात. असं थोडंफार नेहमीच होतं, पण भार चुकीचा असला की ते वाढतं आणि तंतू हवा त्याहून जास्त तापतो. जास्त तापलेल्या तंतूतलं थोरियम लवकर संपतं आणि पुढे इलेक्ट्रॉन कमी सुटू लागतात. असा मॅग्नेट्रॉन एका दिवसात मरत नाही. दूध तापायला पूर्वी दीड मिनिट लागायचं तिथे दोन लागतात, मग अडीच, आणि घरातल्यांना वाटतं की यंत्र जुनं झालं.

चुंबकाची गोष्ट वेगळी. या चकत्या फेराइटच्या असतात आणि फेराइटचं चुंबकत्व दर अंशामागे सुमारे ०.२ टक्क्यांनी उतरतं. शंभर अंश जास्त तापले की पाचवा हिस्सा गेला. थंड झाल्यावर बरंचसं परत येतं, पण तोपर्यंत चुंबक कमजोर असल्याने इलेक्ट्रॉन नीट वळत नाहीत, प्रवाह वाढतो, उष्णता आणखी वाढते. एकाएकी तापून चकतीला तडा गेला तर मात्र ती नळी संपली. दुरुस्तीला आलेल्या ओव्हनचं झाकण काढल्यावर तडकलेली चकती दिसणं ही कारागिरांच्या ओळखीची गोष्ट आहे.

उद्योगांमधल्या मोठ्या मायक्रोवेव्ह भट्ट्यांत यावर पक्का उपाय असतो. मॅग्नेट्रॉन आणि भट्टी यांच्यामध्ये फेराइटचा एक जोड बसवतात. तो जाणाऱ्या लहरींना पुढे सोडतो आणि परत येणाऱ्यांना बाजूच्या फाट्यात वळवतो. तिथे वाहतं पाणी त्यांना जिरवतं. पवईच्या आयआयटीच्या आवारात ‘समीर’ ही केंद्र सरकारची संस्था मायक्रोवेव्ह तंत्रावर काम करते. अशा ठिकाणी हा जोड प्राथमिक गरजेचा मानला जातो. घरगुती ओव्हनमध्ये तो नसतो. किमतीत बसत नाही एवढंच त्याचं कारण आहे, आणि म्हणून ती जबाबदारी वाटीतल्या आमटीवर येऊन पडते.

रिकाम्या ओव्हनची भीती किती जुनी आहे ते पाहायला थोडं मागे जायला हवं. १९४० च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी खाचांचा मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला, तो रडारसाठी. युद्धात तो अमेरिकेत पोचला. तिथे रेथिऑन कंपनीत काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली चॉकलेटची वडी चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळली, आणि १९४५ मध्ये त्यांनी अन्न शिजवण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. १९४७ च्या सुमारास बाजारात आलेला पहिला ‘रडारेंज’ माणसाएवढा उंच होता, वजन ३४० किलोच्या आसपास, आणि त्याची नळी थंड ठेवायला पाण्याची जोडणी लागायची. १९५५ मध्ये टॅपन कंपनीचा घरगुती ओव्हन १,२९५ डॉलरला आला. मॅग्नेट्रॉन हा त्यातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात नाजूक भाग होता. रिकाम्या पेटीने तो गमावणं म्हणजे मोठाच खर्च. साठच्या दशकात लिटन कंपनीने ओव्हनचा आज ओळखीचा असलेला बुटका-रुंद आकार आणला आणि लहरी पेटीत सोडण्याची रचना अशी बदलली की यंत्र रिकामं चाललं तरी तग धरेल. १९६७ मध्ये अमाना कंपनीने ओट्यावर ठेवता येईल असा ओव्हन ४९५ डॉलरला विकायला काढला, आणि हे यंत्र घरोघरी जाऊ लागलं.

मला या इतिहासात लिटनचं काम फार मोलाचं वाटतं. स्वयंपाकघरात माणसं चुकणारच, लहान मुलं बटणं दाबणारच, हे गृहीत धरून यंत्र घडवायचं, ही अभियांत्रिकीतली खरी माणुसकी आहे. आजच्या ओव्हनमध्येही ती दिसते. मॅग्नेट्रॉनला चिकटवलेला एक छोटा थर्मल कटआउट असतो. ठरावीक तापमानावर तो वीज तोडतो. पेटीच्या पत्र्यावर बहुधा दुसरा असतो. शिवाय साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमध्ये सुरू केल्यावर तंतू तापायलाच दोन-तीन सेकंद जातात, तोवर लहरी निघतच नाहीत. म्हणून चुकून बटण दाबलं गेलं आणि लगेच बंद केलं तर काहीच झालेलं नसतं. अर्धं मिनिट रिकामा चाललेला आजचा ओव्हनही बहुतेक वेळा धड असतो, ताटली तेवढी गरम लागते. पाच-दहा मिनिटं ही वेगळी बाब आहे. तिथे ओव्हन वाचला तर तो कटआउटने वाचवलेला असतो, आणि कटआउट पडेपर्यंतची झीज झालेलीच असते.

कमी पॉवरवर ठेवलं म्हणून धोका कमी होतो, हाही गैरसमज आहे. साध्या ओव्हनमध्ये कमी पॉवर म्हणजे पूर्ण ताकदीने काही सेकंद चालू, मग काही सेकंद बंद. चालू असतानाचा मॅग्नेट्रॉन तेवढाच तापतो. इन्व्हर्टर असलेली यंत्रं खरोखर ताकद कमी करतात.

आपल्याकडे मुद्दाम कुणी रिकामा ओव्हन चालवत नाही. तो रिकामा चालतो तो भलत्याच वाटांनी. पहिली वाट म्हणजे फिरवायच्या बटणाचे स्वस्त सोलो ओव्हन. तीन मिनिटं लावलेली असतात, भात दोन मिनिटांत गरम होतो, आपण दार उघडून भात काढतो आणि सवयीने दार लावतो. पुष्कळ मॉडेलांमध्ये उरलेलं मिनिट तिथून पुढे सुरू होतं, आत काहीही नसताना. बटण शून्यावर आणण्याची सवय एवढा एकच उपाय. अशा ओव्हनच्या बटणाचा नुसतं घड्याळ म्हणून उपयोग करणं, म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांऐवजी दहा मिनिटं लावून ठेवणं, हाही त्याच वाटेचा फाटा.

दुसरी वाट भांड्यांच्या परीक्षेची. एखादी जुनी चिनी मातीची बशी मायक्रोवेव्हमध्ये चालेल का हे पाहायला ती एकटीच आत ठेवून मिनिटभर लावतात. बशी चांगली असेल तर ती लहरी शोषत नाही, म्हणजेच ओव्हन रिकामा. योग्य रीत अशी: बशीशेजारी कपभर पाणी ठेवायचं. मिनिटानंतर पाणी गरम आणि बशी गार असेल तर बशी वापरायला हरकत नाही.

तिसरी वाट पापडाची, आणि हिच्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे. उडदाचा पापड सुमारे १३ ग्रॅमचा, त्यातलं पाणी फार तर २ ग्रॅम. एवढं पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला ५ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते, म्हणजे ८०० वॅटवर सहा-सात सेकंद. प्रत्यक्षात पापड भाजायला पाऊण मिनिट लावतो, म्हणजे ३६ किलोज्यूल. पापडाचं पीठ तापायला लागते ती ऊर्जा धरली तरी बरीच मोठी उरते. ती ताटलीत, भिंतींत आणि मॅग्नेट्रॉनकडे परत जाते. एक पापड म्हणजे जवळजवळ रिकामा ओव्हन. दोन-तीन पापडांनी काही बिघडत नाही. पंगतीसाठी एकेक करून पंचवीस पापड लागोपाठ भाजणं मात्र मी टाळेन. दोन-दोन ठेवावेत आणि मध्ये यंत्राला विश्रांती द्यावी. कढीपत्ता किंवा पुदिना वाळवतानाही असंच होतं. पानं ओली असेपर्यंत ठीक असतं, पण वाळत येतील तसा भार नाहीसा होत जातो आणि शेवटी कोरडी पानं पेटूही शकतात. थोड्या थोड्या सेकंदांनी दार उघडून पाहावं, आणि कोपऱ्यात अर्धा कप पाणी असावं. पानं वाळायला वेळ जास्त लागेल, तेवढा लागू द्यावा. फ्रीजरमधल्या घट्ट गोठलेल्या पदार्थाचाही भार सुरुवातीला कमीच असतो, कारण बर्फातले रेणू जागच्या जागी अडकलेले असतात आणि लहरी फार कमी शोषतात. डीफ्रॉस्टमध्ये यंत्र चालू-बंद करत राहतं ते मधल्या वेळात उष्णता आत पसरावी म्हणून.

या सगळ्यात एक मोठा गोंधळ कन्व्हेक्शन ओव्हनने केला आहे. केक किंवा नानखटाईच्या कृतीत ‘ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून घ्या’ असं असतं, आणि आत तर काहीच नसतं. मग नियम मोडला का? कन्व्हेक्शनवर लावलेला असताना मॅग्नेट्रॉन बंद असतो. तापते ती विजेची कॉइल, आणि पंखा गरम हवा फिरवतो. ग्रिलचंही तसंच. तिथे रिकामं तापवणं सुरक्षित आहे, आवश्यकही आहे. घात होतो तो चुकून मायक्रो किंवा कॉम्बिनेशनचं बटण दाबून दहा मिनिटं ‘प्रीहीट’ केलं तर. बटण दाबण्याआधी पडद्यावर कुठलं चिन्ह आलं आहे ते पाहण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी. काही ओव्हनबरोबर पिझ्झा किंवा टिक्की कुरकुरीत करायला एक काळसर ताटली येते. ती मायक्रो मोडवर एकटीच आधी तापवायला सांगतात आणि तेही बरोबर आहे, कारण तिच्यावर लहरी शोषणारा थर मुद्दाम दिलेला असतो. आत अन्न आहे की नाही यापेक्षा लहरी जिरवणारं काही आहे की नाही हे पाहायचं असतं.

जुन्या माहितीपुस्तिकांमध्ये ओव्हन वापरात नसताना आत पेलाभर पाणी ठेवायला सांगत. लहान मुलांच्या घरात तो सल्ला मला आजही शहाणपणाचा वाटतो.

आणि रिकामा चाललाच तर? दार न उघडता आधी बंद करावा, ताटलीला हात लावू नये, आणि अर्धा तास गार होऊ द्यावा. त्यानंतर दिवा लागतो, ताटली फिरते, पण पदार्थ गरम होत नाही, असं असेल तर बहुधा मॅग्नेट्रॉनचा कटआउट पडलेला असतो. काही कटआउट गार झाले की आपोआप जुळतात, काही बदलावे लागतात. ते बदलायला घरच्या घरी मागचा पत्रा उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही हजारो व्होल्टचा दाब राहू शकतो, आणि त्याने माणसं दगावलेली आहेत. हे काम शिकलेल्या कारागिराचंच.

सगळं सुरळीत दिसत असेल तरी ताकद किती उरली हे घरी मोजता येतं. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या मोठ्या भांड्यात नळाचं १ लिटर पाणी घ्यावं, ढवळून थर्मामीटरने तापमान पाहावं, पूर्ण पॉवरवर बरोबर १ मिनिट लावावं, लगेच पुन्हा ढवळून तापमान घ्यावं. जितके अंश वाढले त्यांना ७० ने गुणलं की साधारण वॅट मिळतात. २६ वरून ३६ अंशांवर गेलं तर ७०० वॅट. भांडं तापण्यात आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत थोडं जातं, हे लक्षात घेता ८०० वॅटचं यंत्र ठणठणीत आहे. पाच-सहाच अंश वाढले तर मॅग्नेट्रॉन थकला आहे, किंवा त्या वेळी घरातली वीज कमी दाबाची होती. ट्रान्सफॉर्मरचे ओव्हन व्होल्टेज उतरलं की कमकुवत होतात. म्हणून हा प्रयोग सकाळी एकदा आणि दुपारी एकदा करावा, दोन्ही वेळा ताज्या गार पाण्याने.